पडद्याचे ऋण आणि लेखणीचे स्वत्व



महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना बडोद्यास पाचारण केले आणि संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला, त्या काळी गोष्ट घरात येण्याच्या वाटा मोजक्याच होत्या. आजी गोष्ट सांगे, देवळात हरिदास कीर्तन करी, गावात नाटक मंडळी मुक्कामास येई, आणि उरलेली सर्व कथासृष्टी ग्रंथालयाच्या कपाटातून पिशवीत घालून घरी आणावी लागे. आज गोष्ट आपण होऊन घरात येते. ती दूरदर्शनच्या पडद्यावरून येते, भ्रमणध्वनीच्या तळहाताएवढ्या काचेवरूनही येते, आणि रोज नेमाने येते. साहजिकच आज जो तरुण हाती लेखणी धरतो त्याच्या मनातील पहिल्या गोष्टी पुस्तकातल्या असतीलच असे नाही. पुष्कळदा त्या पडद्यावर पाहिलेल्या असतात.

अशा तरुणाने लिहिलेली कथा वडीलधाऱ्या वाचकांच्या हाती पडली की एक ठरलेला शेरा ऐकू येतो: 'ही तर अमुक मालिकेचीच नक्कल.' शेरा मारणाऱ्याचे कित्येकदा बरोबरही असते. परंतु त्या एका वाक्याने नवा लेखक दोनपैकी एका चुकीकडे ढकलला जातो. एक तर तो लिहिणेच सोडतो. नाही तर आपल्यावर कशाचाही प्रभाव नाही असा आव आणून प्रभाव लपवू लागतो. दोन्हींत तोटा साहित्याचाच आहे. म्हणून प्रेरणा कोठे संपते, उसनवारी कोठे सुरू होते आणि स्वतःचे असे कशाला म्हणावे, हे शांतपणे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की मराठी साहित्याचा संसार उसन्या पिठावर वाढला आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवर टीका सिद्ध केली तेव्हा व्यासांचे आणि भाष्यकारांचे ऋण मोकळेपणाने सांगितले. तरीही ज्ञानेश्वरीला कोणी अनुवाद म्हणून बाजूस ठेवले नाही. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संशयकल्लोळ' घ्यावे. त्याचे मूळ फ्रेंच नाटककार मोलियेरच्या १६६० मधील प्रहसनापर्यंत जाते. तेथून ते आर्थर मर्फी या लेखकाच्या हातून १७६१ मध्ये इंग्रजी रंगभूमीवर आले, देवलांनी १८९३ मध्ये त्यावरून 'फाल्गुनराव' रचले आणि त्याचेच संगीत रूप १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. म्हणजे कथानक तीन भाषांतून फिरून आलेले. पण फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेट, रेवती, भादव्या ही महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे धारण करणारी माणसे देवलांची. त्यांच्या संशयाला जो घरगुती मराठी सूर आहे तोही देवलांचाच. नाटकाला शंभराहून अधिक वर्षे झाली तरी प्रेक्षक हसतो तो मोलियेरच्या युक्तीला नव्हे. आपल्याच आळीतला एखादा संशयी गृहस्थ समोर उभा राहिला म्हणून हसतो.

ज्या दूरदर्शनकडून आजचा लेखक उसने घेतो ते दूरदर्शनही सावकार नसून स्वतः ऋणकोच आहे. भारतात दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि ७ जुलै १९८४ रोजी 'हमलोग' ही मालिका सुरू झाली. 'हमलोग'चा सांगाडा फार दुरून आला होता. पेरू देशात १९६९ मध्ये 'सिम्प्लेमेंते मारिया' ही मालिका गाजली. खेड्यातून राजधानीत आलेली एक मोलकरीण शिवणकाम शिकून स्वतःच्या पायावर उभी राहते, अशी तिची कथा. ती पाहून अनेक स्त्रिया शिवणवर्गांकडे वळल्या. मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांनी हा परिणाम अभ्यासला आणि १९७५ मध्ये प्रौढशिक्षणाचा हेतू धरून मालिका रचली. ती पद्धत भारत सरकारच्या नजरेत भरली आणि लेखनाचे काम हिंदी कादंबरीकार मनोहर श्याम जोशी यांच्याकडे आले. जोशींनी सांगाडा घेतला, पण त्यावर चढवलेले रक्तमांस उत्तर भारतातल्या निम्नमध्यमवर्गीय घरातले होते. मद्यपी बसेसर राम, सोशीक भागवंती, बडकी, मझली, छुटकी, लल्लू आणि नन्हे ही माणसे कोणत्याही मेक्सिकन मालिकेत सापडणार नाहीत. आरंभी कुटुंबनियोजनाचा उपदेश जड झाला, प्रेक्षक कंटाळले, तेव्हा उपदेश मागे सारून घरातल्या सुखदुःखांना पुढे आणावे लागले. उसना सांगाडा चालतो. उसना जीव चालत नाही, हा धडा खुद्द दूरदर्शनलाच पहिल्या मोठ्या मालिकेत मिळाला.

आता उलट दिशेचे उदाहरण, आणि तेही बडोद्याला अभिमान वाटावा असे. चिं. वि. जोशी हे बडोद्याच्या महाविद्यालयात पाली शिकवीत. त्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुस्तकातून १९४० च्या सुमारास चित्रपटात गेले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर आले. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ पाहिलेल्या पिढीला आज मूळ पुस्तक वाचतानाही तेच चेहरे दिसतात. मालिका उत्तम होती यात संशय नाही. तथापि पुस्तकातली एक गोष्ट पडद्यावर जशीच्या तशी नेता येणार नव्हती. पुस्तकात चिमणराव स्वतः आपली हकिकत सांगतात. आपण किती शहाणपणाने वागलो हे ते मोठ्या गांभीर्याने सांगत जातात आणि त्या सांगण्यातूनच त्यांचा भोळेपणा वाचकाला कळतो. चिमणरावांना मात्र तो अखेरपर्यंत कळत नाही. सांगणाऱ्याला जे ठाऊक नाही ते वाचकाला ठाऊक होणे, ही गंमत गद्याची आहे. पडद्यावर चिमणराव बाहेरून दिसतो. तेथे हीच गंमत नटाला चेहऱ्यातून आणि चालीतून नव्याने निर्माण करावी लागते. प्रभावळकरांनी ती केली, म्हणूनच मालिका नक्कल न ठरता स्वतंत्र कलाकृती ठरली.

या उदाहरणातून प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. मौलिकता घटनांत कमी आणि सांगणाऱ्याच्या जागेत अधिक असते. 'महाभारत' ही मालिका २ ऑक्टोबर १९८८ पासून २४ जून १९९० पर्यंत चालली. कथा अवघ्या देशाला पाठ होती. 'आधा गाँव'कार राही मासूम रझा यांच्या लेखणीने त्या जुन्या कथेला 'समय' हा निवेदक दिला, आणि ऐकलेली कथा पुन्हा ऐकण्याजोगी झाली. इरावती कर्व्यांनी त्याआधीच, १९६७ मध्ये, त्याच महाभारताकडे मानववंशशास्त्रज्ञाच्या डोळ्यांनी पाहून 'युगान्त' लिहिले होते. मूळ ग्रंथ एकच. उभे राहण्याच्या जागा दोन. म्हणून कृतीही दोन.

कोणी म्हणेल, मालिकेने कथेला हप्त्यांची वाईट सवय लावली. हा आरोप तितकासा न्याय्य नाही. हरिभाऊ आपटे यांचे 'करमणूक' साप्ताहिक १८९० मध्ये निघाले आणि 'पण लक्षांत कोण घेतो!' वाचकांनी त्यात हप्त्याहप्त्यानेच वाचली. पुढे काय होणार, ही हुरहूर त्या वाचकांनाही होती. पण यमू स्वतः आपली कहाणी सांगते, आणि एखादी घटना घडून गेल्यावर कित्येक वर्षांनी तिचा अर्थ तिला कसा लागला हेही सांगते. हप्ता हा दोष नाही. हप्त्याच्या अखेरीस काही तरी फुटलेच पाहिजे, या धाकाने पात्रांना वागायला लावणे हा दोष आहे.

दूरदर्शनच्या प्रभावाखाली लिहिलेल्या कथांत जे दोष वारंवार दिसतात ते बहुधा माध्यम ओळखण्यातल्या गफलतीतून येतात. पडद्यावर एका वाक्यानंतर पाच चेहरे दाखवता येतात. कथेत 'सगळे अवाक झाले' असे लिहून तो परिणाम साधत नाही. पडद्याला पार्श्वसंगीत असते. कथेत त्याची उणीव उद्गारचिन्हांनी भरून काढली जाते. पडद्यावरील पात्रांना मनातले मोठ्याने बोलावे लागते, कारण मन दाखवण्याची दुसरी सोय नसते. कथेतील पात्रे विनाकारण तशीच बोलू लागतात. याउलट जे गद्याला सहज साधते ते हाताशी असून वापरले जात नाही. 'दर श्रावणात ती माहेरी जाई' या एका वाक्यात वीस वर्षे मावतात. पडद्याला त्यासाठी अनेक दृश्ये खर्ची घालावी लागतात. वास, स्पर्श, अंगात मुरलेला थकवा, न उच्चारलेला विचार आणि सांगणाऱ्याची चूक ही गद्याची खास मिळकत आहे. मालिकेवरून स्फुरलेल्या कथेत जर पडद्यावर दाखवता येणार नाही असे काहीच नसेल, तर ती कथा म्हणजे मालिकेचा छापील भाग झाला.

कायद्याची भूमिकाही या ठिकाणी ध्यानात घेण्याजोगी आहे. आर. जी. आनंद यांच्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून १९५६ चा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट उचलला असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल १९७८ मध्ये लागला. कल्पना, विषय, कथासूत्र, ऐतिहासिक वा पौराणिक हकिकत यांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. हक्क असतो तो त्या कल्पनेच्या मांडणीवर आणि अभिव्यक्तीवर, असे न्यायालयाने सांगितले. दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कलच आहे असे निःसंशय वाटते काय, ही कसोटी त्याने लावली आणि चित्रपटाच्या बाजूने कौल दिला. तेव्हा सासू-सुनेचे वैर, हरवलेला भाऊ, मृत्युपत्राचे भांडण हे विषय कोणाच्याही मालकीचे नाहीत. मात्र मालिकेतील विशिष्ट पात्रे, त्यांची नावे, त्यांचे संवाद आणि प्रसंगांची ठरावीक गुंफण उचलून दिवाळी अंकाकडे कथा पाठवणे ही वेगळी गोष्ट झाली. कायद्याने वाचलेला लेखक कलेच्या दरबारात सुटतोच असेही नाही. कायदा चोरी झाली का एवढेच पाहतो. वाचक तुमचे काय आहे ते विचारतो.

आता हे सारे प्रत्यक्ष लिहिताना कसे घडते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी एक मुलगी मालिका पाहते. भरल्या घरात सुनेवर दागिने चोरल्याचा आळ येतो. चेहरे दिसतात, संगीत वाजते, सून रडते. मुलीला तो प्रसंग दोन दिवस सोडत नाही आणि ती कथा लिहायला बसते. पहिल्या खर्ड्यात दागिने आहेत, आळ आहे, रडणे आहे; अर्थात कथा नाही. मग ती स्वतःला एक प्रश्न विचारते: या प्रसंगात नेमके टोचले काय? दागिने नव्हेत. सून नवऱ्याकडे पाहत होती आणि तो बोलत नव्हता, ते टोचले. जो बोलायला हवा होता तो गप्प राहिला. हे बीज मालिकेचे खरे, पण ते जगात सर्वत्र आहे. तिच्या घरातही आहे.

तिच्या घरात दागिने नाहीत, एक जुने घर आहे. ते विकायचे ठरले आहे. ओसरीवर कागद पसरले आहेत, मुलगे हिशेब करीत आहेत आणि आजी आतल्या दाराशी उंबऱ्यावर बसून आहे. तिने या घरात सत्तर उन्हाळे काढले. आपल्याला कोणी तरी विचारील म्हणून ती वाट पाहते आहे. मोठा मुलगा चष्मा पुसतो, धाकटा घड्याळ पाहतो. कोणी वाईट नाही, कोणी ओरडत नाही. अखेर प्रश्न येतो तो परक्याकडून. घर पाहायला आलेला दलाल सही होण्यापूर्वी सहज मागे वळतो आणि म्हणतो, "बा, तमे शुं कहो छो?" आजन्म भाजीवालीशी गुजरातीत घासाघीस केलेली, पण घरातला एकही शब्द गुजरातीत न बोललेली आजी घराविषयीचे आपले म्हणणे प्रथमच गुजरातीत सांगते. तिला विचारणारा त्या भाषेतला होता म्हणून.

या कथेवर मालिकेचे ऋण आहे काय? निःसंशय आहे. ती मालिका पाहिली नसती तर मुलीला ते मौन ऐकू आले नसते. परंतु ही कथा मालिकेतून उचलता येणार नाही, कारण ती मालिकेत नव्हतीच. ती त्या ओसरीवर होती. मालिकेने केवळ कान उघडले. प्रेरणेचे काम एवढेच आणि एवढे मोठे असते.

येथे एक विषय येतो जो महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाला विशेष जिव्हाळ्याचा आहे. उपग्रह वाहिन्या आल्या, १९९९ मध्ये खास मराठीची स्वतंत्र वाहिनी सुरू झाली, आणि बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मराठी घरांत रोज संध्याकाळी मराठी कानांवर पडू लागले. हा लाभ लहान नाही. ज्या मुलांची शाळा हिंदी, गुजराती वा इंग्रजी माध्यमाची, त्यांची मराठी कित्येक घरांत मालिकांनी टिकवली. पण या लाभाला एक किंमतही आहे. मालिकांतील मराठी बहुतांशी पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातली. पिढ्यान्‌पिढ्या गुजरातीच्या शेजारी राहून बडोद्याच्या मराठीला जो डौल आला, हिंदीच्या सहवासात इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठीला जो मोकळेपणा आला, तो त्या पडद्यावर क्वचितच ऐकू येतो. येथील तरुण लेखक जेव्हा मालिकेचे संवाद कथेत उतरवतो तेव्हा तो दुसऱ्या लेखकाचे फारसे नुकसान करीत नाही. नुकसान करतो ते स्वतःच्या आजीचे. तिची भाषा लिहिली गेली नाही तर ती कोठेच लिहिली जाणार नाही. पुण्या-मुंबईच्या मराठीला लेखकांची वाण नाही. दांडिया बाजारातल्या आजीला एकच लेखक मिळण्याचा संभव असतो: तिची नात.

म्हणून प्रेरणा आणि मौलिकता यांच्या समतोलाचा प्रश्न अन्यत्र कदाचित केवळ कलेचा असेल. येथे तो वारशाचा आहे.

बडोद्याच्या दरबारात उस्ताद फैयाज खाँ गात असत. संगीताच्या रसिकांना या प्रश्नाचे उत्तर केव्हाच ठाऊक आहे. बंदिश दोन-चार ओळींची असते, परंपरेने आलेली असते आणि ती गायकाने रचलेली नसली तरी कोणी त्याला चोर म्हणत नाही. शिष्य आरंभी गुरूची हुबेहूब नक्कल करतो, कारण त्यावाचून गळा तयार होत नाही. पण मैफलीत बसल्यावर श्रोते ज्याची वाट पाहतात ती उपज. घोकलेले तेवढेच म्हणणाऱ्याला शाबासकी मिळते, दाद मिळत नाही. नव्या लेखकाने मालिकेतील पात्रांवर वहीत खुशाल लिहावे. तो रियाज आहे. छापायला द्यावी ती उपज.

रियाजातून उपजेकडे जाताना काही साध्या कसोट्या उपयोगी पडतात. पाहिलेला प्रसंग लगेच न लिहिता काही आठवडे तसाच राहू द्यावा. विसरून उरते ते बहुधा आपले असते. तोच प्रसंग तेथे हजर नसलेल्या माणसाच्या तोंडून सांगून पाहावा. कथेतील घराचा पत्ता बदलून पाहावा. बडोद्याऐवजी कोणतेही शहर घातले आणि काहीच बिघडले नाही, तर कथा अजून कोणाचीच झालेली नाही. अखेरीस, ऋण मोठे असेल तर ते उघड सांगावे. देवल, ज्ञानेश्वर यांच्या परंपरेत ऋणनिर्देशाने कोणी लहान झालेला नाही.

या संदर्भात डॉ. जयंत नारळीकर यांची आठवण उद्बोधक आहे. केंब्रिजमधील त्यांचे गुरू फ्रेड हॉइल हे खगोलशास्त्रज्ञ, तसेच विज्ञानकथाकार. १९६१ मध्ये त्यांनी जॉन एलियट यांच्यासह बी.बी.सी.साठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही दूरदर्शन मालिका लिहिली आणि पुढल्याच वर्षी तिची कादंबरी केली. शिष्याने गुरूकडून विज्ञानातून कथा फुलवण्याची वृत्ती घेतली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेसाठी नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली, आपल्या कीर्तीचा भार परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. नाव लपवूनही जी कथा ओळखू यावी ती लेखकाची, असे यावरून म्हणता येईल.

ग्रंथालयाचे या कामी कर्तव्य काय? तरुण सभासद मालिकांविषयी बोलू लागला की त्याला हसू नये. ती मालिका ज्या घराण्यातली आहे त्या घराण्याचे पुस्तक कपाटातून काढून त्याच्या हाती द्यावे. चिमणराव आवडला तर चिं. वि. जोशी द्यावेत, 'महाभारत' आवडले तर 'युगान्त' द्यावे. एकाच प्रवाहातून पाणी पिणाऱ्याच्या लेखनाला त्या प्रवाहाचीच चव येते; दहा ठिकाणचे पाणी प्यालेल्याला आपली तहान ओळखता येते. आणि त्या सभासदाने कधी स्वतः लिहिलेली चार पाने भीतभीत पुढे केली, तर 'हे कोठून घेतले?' असे विचारण्याआधी 'यात तुझी आजी कोठे आहे?' असे विचारावे. पुढील शंभर वर्षांत या कपाटांत जी पुस्तके यावयाची आहेत, त्यांपैकी निदान एक या प्रश्नाच्या उत्तरादाखल लिहिले जावे.